घरचे मैदान कोणाचे?

महिला बास्केटबॉलविषयी लिहिताना अमेरिकेतले लेखक तीन नावे एका दमात घेतात: महाविद्यालयाचे, प्रशिक्षकाचे आणि मैदानाचे. टेनेसी विद्यापीठ म्हटले की पॅट समिट आणि थॉम्पसन-बोलिंग अरीना. कनेक्टिकट म्हटले की जीनो ऑरिएमा आणि गॅम्पेल पॅव्हिलियन. साउथ कॅरोलिना म्हटले की डॉन स्टेली आणि कलोनियल लाइफ अरीना. आता हेच तीन प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संघातील मुलीला विचारून पाहावेत. महाविद्यालयाचे नाव ती लगेच सांगेल. प्रशिक्षक म्हणून बहुधा शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचे किंवा शहरातल्या एखाद्या मंडळातल्या सरांचे नाव घेईल. घरचे मैदान म्हणजे काय, हे मात्र तिला आधी समजावून सांगावे लागेल.

ही तीन नावे तिकडे एकत्र कशी आली आणि आपल्याकडे वेगळी का राहिली, याची उकल करणे हा या लेखाचा हेतू आहे. आपल्याकडे स्टेडियम नाहीत म्हणून खेळ नाही, हे उत्तर सोपे आहे. पण इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो.

आधी खेळाची गरज पाहू. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटके होतात, शंकरपट होतात आणि रात्रकालीन कबड्डीचे सामनेही होतात. धान कापून झाले की रिकाम्या बांधीत कबड्डीचे मैदान एका दिवसात आखता येते. व्हॉलीबॉलला दोन बल्ल्या आणि एक जाळी पुरते. बास्केटबॉलचे तसे नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असे टणक, सपाट मैदान हवे, कारण चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा हातात यायला हवा. ३.०५ मीटर उंचीवर घट्ट बसवलेली दोन कडी हवीत. आणि हे सगळे कायमचे हवे, मंडई संपल्यावर गुंडाळून ठेवता येत नाही. म्हणून हा खेळ गावाच्या आधाराने वाढत नाही, संस्थेच्या आधाराने वाढतो. शाळा, महाविद्यालय, कारखान्याची वसाहत, रेल्वे, पोलीस, लष्कर यांपैकी कोणीतरी जागा द्यावी लागते आणि ती वर्षानुवर्षे राखावी लागते.

खेळाचा जन्मही संस्थेतच झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ म्हणून तो तयार केला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्थॅम्प्टन गावातल्या स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. मार्च १८९३ मध्ये तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींमध्ये सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींमध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. म्हणजे महिला बास्केटबॉल हा पुरुषांच्या खेळाला मागाहून फुटलेला फाटा नाही. तो जवळजवळ जुळा आहे आणि त्याचे पाळणाघर महाविद्यालय हेच आहे.

मात्र बेरेन्सन यांनी मुलींसाठी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि खेळाडूने आपला भाग ओलांडायचा नाही असे ठरवले. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही, हेही नियम आले. धावाधाव मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, ही त्या काळची समजूत त्यामागे होती. कुंपण थोडेथोडे सैल होत गेले, तरी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुली पूर्ण मैदानावर पाच-पाच जणींनी खेळू लागायला १९७१ साल उजाडले. आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा, अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत टिकून होता.

आयोवाचे उदाहरण आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. ते शेतीचे राज्य, मक्याचे. तिथल्या छोट्या गावांत शाळेच्या मुलींचा सामना हा सगळ्या गावाचा कार्यक्रम असे आणि राज्य स्पर्धेला हजारोंची गर्दी होई. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच राज्यात, फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये, केटलिन क्लार्कच्या आयोवा संघाचा डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सामना पाहायला ५५,६४६ प्रेक्षक आले. जगभर ही बातमी नवलाची ठरली. पण ज्या गावांत आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्या हा खेळ खेळल्या होत्या, त्यांच्यासाठी ती जुन्या सवयीची मोठी आवृत्ती होती.

आता प्रशिक्षक आणि मैदान यांच्याकडे वळू. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिलांचे विजेतेपद पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा या लहानशा कॅथलिक महाविद्यालयाने मिळवले. या महाविद्यालयाची व्यायामशाळा १९६७ मध्ये जळाली होती आणि पहिले विजेतेपद आले तेव्हा संघाला घरचे मैदान नव्हते. कॅथी रश या तरुण प्रशिक्षिकेने संघ उभा केला. १९७२ च्या स्पर्धेसाठी इलिनॉयला जायला विमानाचे पैसे आठच मुलींपुरते जमले. नन प्रेक्षकांत बसून लोखंडी बादल्या बडवत आणि मुलींना प्रोत्साहन देत. मैदान नव्हते, पण प्रशिक्षक होती आणि बादल्या बडवणारी माणसे होती.

टेनेसीत पॅट समिट १९७४ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिन्याला २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश त्याच धूत, संघाची गाडी त्याच चालवत. एकदा तर संघ यजमान महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत गाद्यांवर झोपला होता. थॉम्पसन-बोलिंग अरीना उघडले १९८७ मध्ये, म्हणजे त्यांच्या नेमणुकीनंतर तेरा वर्षांनी. २०१२ मध्ये त्या थांबल्या तेव्हा त्यांच्या नावावर ३८ हंगाम, १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे होती. आज त्या अरीनातल्या खेळपट्टीला त्यांचे नाव आहे. नाव प्रशिक्षकाचे, जागा विद्यापीठाची आणि या दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे एकाच ठिकाणी काढलेली अडतीस वर्षे.

या सगळ्याच्या तळाशी एक कायदा होता. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद झाली. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, असे तिचे सूत्र. तिच्यात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण शिष्यवृत्ती, सरावाची वेळ, प्रवासखर्च आणि प्रशिक्षकाची नेमणूक या सगळ्यांना ती लागू झाली आणि मुलींच्या संघाचा प्रशिक्षक हळूहळू पूर्णवेळ, पगारी माणूस बनला. म्हणजे क्रम असा: आधी टिकून राहणारा प्रशिक्षक, मग त्याला टिकवणारा पैसा, मग प्रेक्षक आणि सर्वांत शेवटी अरीना.

आपल्याकडे काय होते? भंडारा, गोंदिया, नागपूर आणि वर्धा या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत महाविद्यालयांचे संघ उतरतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथे वर आला तर अखिल भारतीय स्पर्धेला. राज्यातल्या विद्यापीठांची ‘अश्वमेध’ ही स्पर्धा वेगळी. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या.

कागदावर ही शिडी व्यवस्थित आहे. पण तिच्यावर उभा राहणारा महाविद्यालयाचा संघ किती दिवसांचा असतो? स्पर्धेचे पत्रक आले की नावे गोळा होतात, थोडे दिवस सराव होतो, बाद फेरीचे एक-दोन सामने होतात आणि संघ विसर्जित होतो. अमेरिकन संघ हंगामभर आलटून पालटून आपल्या आणि परक्या मैदानावर खेळतो, म्हणून तिथे ‘घरचे मैदान’ या शब्दाला अर्थ येतो. आपली स्पर्धा एका यजमान केंद्रावर भरते. यजमान सोडला तर सगळेच पाहुणे. ज्या संघाचा सामना आपल्या गावात कधी होतच नाही, त्या संघाला आपल्या गावचे प्रेक्षक कुठून मिळणार?

प्रशिक्षकाचीही तीच गत. आपल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे एक पद असते. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या खेळांचे संघ, अर्ज, प्रवास आणि हिशेब त्या एकाच माणसाकडे. पद रिकामे असेल तर तेही दुसऱ्या कोणावर सोपवलेले. त्यात एखादा जीव ओतून बास्केटबॉल शिकवणारा निघाला तर तो त्या महाविद्यालयाचा भाग्ययोग, व्यवस्था नव्हे. खरा सराव होतो तो शाळेच्या किंवा मंडळाच्या मैदानावर, म्हणून मुलगी प्रशिक्षक म्हणून तिकडचे नाव सांगते. संघ एकाचा, प्रशिक्षक दुसऱ्याचा, मैदान तिसऱ्याचे.

तिन्ही एकत्र आल्याचे आपल्या जवळचे उदाहरण महाविद्यालयातले नाही. ते पाहायला वरठीहून रेल्वेत बसून पूर्वेकडे जावे लागते. वरठीचे स्टेशन भंडारा रोड या नावाने ओळखले जाते आणि मुंबई-हावडा मार्गावर आहे. तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असे करत दोनशे किलोमीटरच्या आसपास गेले की भिलाई येते. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर मैदाने. त्या मैदानांवर राजेश पटेल या प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे मुली घडवल्या. साध्या घरांतून, दूरच्या खेड्यांतून आलेल्या मुलींच्या राहण्याजेवणाची काळजीही त्यांनी वाहिली. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाल्यावर या नव्या, लहान राज्याच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांत मोठमोठ्या राज्यांना हरवू लागल्या. पटेल २०१८ मध्ये गेले.

भिलाईचे सूत्र टेनेसीसारखेच दिसते: एक माणूस, एक मैदान, अनेक वर्षे. फरक असा की आधार विद्यापीठाचा नव्हता, कारखान्याचा होता. आणि पुढची वाट रेल्वेची होती. राष्ट्रीय स्पर्धांत महिला गटात भारतीय रेल्वेचा संघ दीर्घकाळ बलाढ्य राहिला आहे, कारण रेल्वे खेळाडूंना नोकरी देते. केरळची गीथू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत होती, भारताची कर्णधार झाली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला संघांच्या निवडचाचणीपर्यंत पोहोचली. भिलाईतल्या मुलींना दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे दार उघडे झाले. भंडारा रोड स्टेशन याच रेल्वेच्या नागपूर विभागात येते. रोज हजारो लोक त्या फलाटावरून जातात, पण आपल्या मुलीच्या हातातल्या चेंडूचा या रेल्वेशी काही संबंध असू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या नमुन्यात एक उणीव आहे. तो माणसावर आणि नोकरभरतीवर उभा आहे. माणूस गेला, भरती आटली, की मैदान राहते आणि खेळ जातो. शिवाय नोकरी मिळते ती मोजक्या जणींना. उरलेल्या मुलींचा खेळ बारावीनंतर किंवा पदवीनंतर संपतो, आणि त्यांच्यासाठी महाविद्यालयाशिवाय दुसरी जागा नाही. म्हणून प्रश्न फिरून महाविद्यालयाकडेच येतो.

तो सोडवायला अरीना लागत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथम खेळला गेला, तेव्हा अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखल झालेल्या मातीच्या टेनिस मैदानावर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला गेले होते. १९१४ मध्ये स्थापन झालेली ती संस्था पुढे शारीरिक शिक्षणाचे मोठे केंद्र बनली. संस्था टिकली तर काय होते, याचे विदर्भातले उत्तर आपल्या घरातच आहे.

लागते ते असे. जिल्ह्यातल्या चार-सहा महाविद्यालयांनी आपसांत आलटून पालटून खेळावे, प्रत्येकीने वर्षातून दोन-तीन सामने आपल्या अंगणात घ्यावेत. सामना दुपारी तीनला असावा, म्हणजे परगावच्या मुलीला शेवटची एसटी मिळेल. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे अर्धे तिकीट झाले आहे, पण अर्ध्या तिकिटाची गाडी संध्याकाळी गावाकडे जाणारी नसेल तर सराव सुटतोच. सिमेंटच्या मैदानावर उड्या मारून गुडघे जातात आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत बास्केटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक होते. तेव्हा नीट शिकवणारा माणूस ही चैन नाही. त्याला किंवा तिला एका ठिकाणी दहा वर्षे राहता यावे, एवढा पगार आणि एवढी खात्री हवी.

पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. पुण्यात मैदाने आहेत, मंडळे आहेत, खेळाची परंपरा आहे. भंडाऱ्याच्या मुलीला तेवढे सगळे एकदम मिळणार नाही. पण तिच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर सामन्याची तारीख खडूने लिहिलेली असावी आणि ती वाचून तिच्या वर्गातल्या चार मुली, शेजारची काकू आणि तिची आई बघायला यावी, एवढे तरी मिळू शकते. त्या दिवसापासून ते मैदान तिचे होईल.