आनुवंशिक जनुकीय भेद आणि मेंदूच्या कर्करोगातील जीवितकाळ

मेंदूच्या कर्करोगाचा अभ्यास करताना दोन प्रकारचे जनुकीय बदल वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. पहिला माता-पित्यांकडून येतो व शरीरातील सर्व पेशींत असतो. दुसरा पुढे केवळ गाठीच्या पेशींत उद्भवतो. ग्लायोमा गाठींत २००८ साली आढळलेले आयडीएच-१ जनुकाचे उत्परिवर्तन दुसऱ्या प्रकारचे असून, ते असलेले रुग्ण तुलनेने अधिक काळ जगतात. ग्लायोब्लास्टोमात मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणोपचारास टेमोझोलोमाइडची जोड देऊनही जीवितकाळाचा मध्यक १४.६ महिनेच होता.

२०१२ मध्ये आठव्या गुणसूत्रावरील एका आनुवंशिक भेदाचा संबंध आयडीएच-उत्परिवर्तित गाठींच्या सुमारे सहापट धोक्याशी जोडला गेला. म्हणजेच हा भेद ज्या गाठींचा धोका वाढवितो, त्यांचा क्रम तुलनेने मंद असतो. गाठीचा प्रकार विचारात न घेता रुग्णांची तुलना केल्यास तोच भेद आयुष्य वाढविणारा भासेल. हा निष्कर्ष भ्रामक होय.

या गाठी मुळातच विरळ असल्याने वाढलेला धोकाही प्रत्यक्षात अल्पच राहतो. त्यामुळे रक्तातील भेदावरून कुटुंबाने भयभीत होणे अनाठायी आहे. रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधताना गाठीच्या ऊतींची तपासणीच प्रमुख आधार मानावी लागते.