जखमेतील बुरशी : वेळीच ओळख, वेळीच उपचार

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या शिवारात रब्बी ज्वारीची मळणी सुरू झाली की सर्वांचीच धांदल उडते. यंत्रात हात सापडणे, ट्रॅक्टरखाली पाय चिरडणे असे अपघात याच घाईत घडतात. जखमेत माती व भुसकट खोलवर जाते. रक्त थांबले, टाके पडले, की संकट टळले असे घरची मंडळी समजतात. परंतु मातीबरोबर बुरशीचे बीजाणू आत गेले असतील, तर खरा धोका त्यानंतरच सुरू होतो.

करोनाच्या साथीत, सन २०२१ मध्ये, ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस हा रोग महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक झाला. त्याच वर्गातील अपोफायसोमायसिस ही बुरशी मातीत राहते. भारतातील आमराईच्या मातीतूनच ती प्रथम वेगळी करण्यात आली व सन १९७९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती धडधाकट माणसासही सोडत नाही. अमेरिकेतील जॉप्लिन शहरात मे २०११ मध्ये झालेल्या चक्रीवादळात जखमी झालेल्या १३ जणांना तिची बाधा झाली. त्यांपैकी ५ जण दगावले.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तप्रवाह अडविते. त्यामुळे मांस मरते व काळे पडते. औषध रक्तावाटेच पोचत असल्याने मृत मांसात ते पोचत नाही. म्हणून शस्त्रक्रिया अटळ ठरते. डाळिंबाची रोगट फांदी निरोगी लाकूड लागेपर्यंत छाटावी लागते, तसेच येथे मृत भाग जिवंत मांस लागेपर्यंत काढतात, आणि तेही पुनःपुन्हा. जोडीला अँफोटेरिसिन बी हे औषध शिरेतून देतात. त्याचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ते रुग्णालयातच, रक्त तपासत द्यावे लागते. जखमेतील मांसाचा तुकडा तपासून रोगाचे निदान होते.

नेहमीची प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत. धनुर्वाताची लस आवश्यकच आहे. पण तीही बुरशीपासून रक्षण करीत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी घरोघरी समजावून सांगाव्यात :

१. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२. जखमेवर माती, शेण, राख अथवा हळद लावू नये. पिकावरील बुरशीनाशक तर कदापि लावू नये.

३. जखमेत माती गेल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. मधुमेह असल्यास तेही सांगावे.

४. औषधे चालू असूनही जखमेची कड काळी पडली, वेदना वाढली, ताप हटला नाही किंवा जखमेवर बुरशीचा थर दिसला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

कुंभारीस अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सोलापूर शहरात शासकीय रुग्णालय आहे. अंतर थोडे आहे. मळणी दोन दिवस लांबली तरी चालेल. काळी पडू लागलेली जखम मात्र एक दिवसही थांबत नाही.