टी-शर्टची किंमत ठरते कुठे?

गेल्या वर्षी गणेशोत्सवासाठी आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट छापून घेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू कापडावरच पीएचडी केलीस ना, मग तूच बघ," असं मंडळाच्या काकूंनी फर्मान काढलं. मी संशोधन करते ते तंतूंमधल्या रेणूंवर, पण मंडळात एवढा फरक कोण पाहतो! तीन ठिकाणांहून भाव मागवले. साठ टी-शर्टांसाठी एकाने नगाला ९ डॉलर सांगितले, दुसऱ्याने ११, तिसऱ्याने १४. तिघांचेही टी-शर्ट सुती, काळे, दोन रंगांत छापलेले. मग फरक कशाचा? हे शोधताना जे हाती लागलं, ते तुम्हालाही आवडेल असं वाटतं.

आधी वजन

साध्या सुती टी-शर्टच्या उत्पादनखर्चात सगळ्यात मोठा वाटा असतो कापडाचा आणि त्याचा हिशेब होतो ग्रॅममध्ये. एक चौरस मीटर कापडाचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा जीएसएम. पातळ टी-शर्टचं कापड साधारण १४० जीएसएमचं असतं, जाडसर टी-शर्टचं १८० किंवा त्याहून अधिक. आमचा ९ डॉलरवाला आणि १४ डॉलरवाला यांच्यातला निम्मा फरक इथेच होता. उरलेला बराचसा सुताचा. महाग टी-शर्टचं सूत कातण्याआधी रुई विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतात. त्याने कापड मऊ आणि टिकाऊ होतं, पण काढलेल्या तंतूंचे पैसे तर मोजलेलेच असतात.

आता हाच हिशेब उलट्या दिशेने करू. तयार टी-शर्ट धरू १६० ग्रॅमचा. बाह्या आणि गळा बेतताना दहा-पंधरा टक्के कापड चिंध्यांत जातं. रंगवताना, विणताना, कातताना आणखी थोडी घट होते. म्हणजे साधारण २३० ग्रॅम रुई लागली. कापसात रुई असते एक तृतीयांशाहून थोडी जास्त, बाकी सरकी. तेव्हा एका टी-शर्टला सुमारे ६५० ग्रॅम कापूस लागतो, म्हणजे अंदाजे दीडशे बोंडं.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातलं. मामांना फोनवर हा आकडा सांगितला, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "तिकडं कितीले भेटते रे हा?" २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. त्या दराने ६५० ग्रॅमचे होतात ५३ रुपये. डॉलरमध्ये सांगायचं तर साठ सेंटच्या आसपास. त्यातच सरकीचेही पैसे आले, बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरीही आली. आणि बाजारात हमीभाव मिळेलच याची खात्री नाही. मी मामांना नऊ डॉलरचे रुपये करून सांगितले. ते काही बोलले नाहीत, पावसाचं विचारू लागले.

रंगाचं रसायन

काळा टी-शर्ट पांढऱ्यापेक्षा महाग का? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला पक्का रंग द्यायचा तर रंगाचा रेणू सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडावा लागतो. असे रंग १९५६ मध्ये बाजारात आले आणि आज सुती टी-शर्टांसाठी प्रामुख्याने तेच वापरतात. यात दोन अडचणी आहेत. पाण्यात कापसाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो आणि रंगाचा रेणूही ऋणभारित असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर ढकलतात. हे ढकलणं कमी करायला भरपूर मीठ घालावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे रंगाचा काही भाग कापसाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो आणि निकामी होतो. तो गरम पाण्याने पुन:पुन्हा धुऊन काढावा लागतो. रंग जितका गडद तितका रंगही जास्त, मीठही जास्त आणि धुणंही जास्त.

हे खारट, रंगीत पाणी जातं कुठे? तमिळनाडूतलं तिरुप्पूर हे भारतातल्या होजिअरीचं मोठं केंद्र. तिथल्या रंगकामाच्या कारखान्यांनी नोय्यल नदी आणि खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी खारट करून टाकल्या. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे ते सुरू झाले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. त्यासाठी पाणी दाबाने पडद्यांतून गाळायचं आणि उरलेलं आटवून मीठ वेगळं काढायचं. पाणी आटवायला ऊर्जा किती लागते ते दूध आटवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. हा खर्च आधीही होताच, फक्त तो नदी आणि शेतकरी भरत होते. आता तो टी-शर्टच्या हिशेबात आला.

मिनिटांचा हिशेब

आता शिलाई. कातणं, विणणं, रंगवणं ही कामं यंत्रांनी कधीच ताब्यात घेतली. शिवणं मात्र अजून हातांचं आहे. पत्रा किंवा लाकूड यंत्राने उचललं तरी त्याचा आकार तोच राहतो. कापड उचललं की लोंबतं, ताणलं की लांबतं, कडेला गुंडाळतं. बोटांना ते क्षणात कळतं आणि यंत्राला शिकवणं फार महाग पडतं.

आमच्या टी-शर्टांवर लेबल होतं बांगलादेशचं. तिथे तयार कपड्यांच्या उद्योगातलं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिन्याला १२,५०० टाका आहे. रोज आठ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर तासाला ६० टाका, म्हणजे मिनिटाला एक टाका. साधा टी-शर्ट शिवायचं काम सात-आठ मिनिटांचं, पण थांबणं, धागा तुटणं, उसवून पुन्हा शिवणं धरून पंधरा मिनिटं मोजू. पंधरा टाका म्हणजे बारा-तेरा सेंट. कापणं, तपासणं, इस्त्री, पॅकिंग यांची मजुरी धरून दुप्पट करा, तरी पाव डॉलर.

म्हणजे सगळ्यांची मजुरी दुप्पट केली, तरी नऊ डॉलरच्या टी-शर्टवर पाव डॉलर वाढेल. मग ती का वाढत नाही? कापसाचा भाव जागतिक बाजारात ठरतो, रंग आणि वीज यांचे दर बाहेरून येतात. खरेदीदार दहा सेंट कमी करा म्हणाला, की कारखानदाराच्या हातात उरतात फक्त माणसांची मिनिटं आणि इमारत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा कोसळला आणि १,१३४ माणसं गेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. तरी कामगारांना कामावर बोलावलं गेलं, कारण ऑर्डरची तारीख जवळ आली होती.

बंदरापासून आपल्यापर्यंत

वाहतुकीचा बाऊ फार होतो, पण चाळीस फुटी कंटेनरमध्ये हजारोंनी टी-शर्ट मावतात, त्यामुळे समुद्रप्रवास नगाला काही सेंटांचा. अमेरिकेतला मूळ आयातकर मात्र लक्षात घ्या. सुती टी-शर्टवर तो १६.५ टक्के आहे, तर पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर ३२. जादा शुल्क लागतं ते याच्या वर. छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा साचा करावा लागतो आणि त्याचा खर्च साठ नगांत वाटला काय किंवा सहाशे नगांत, तेवढाच असतो.

आम्ही काय केलं? पांढरा घ्यावा असं मी सुचवलं, पण गुलालात तो एक दिवसही टिकला नसता, म्हणून काळाच ठेवला. ११ डॉलरचा, १८० जीएसएमचा घेतला. तिघांनाही विचारलं की हा टी-शर्ट नेमका कोणत्या कारखान्यात शिवला. एकानेच नाव कळवलं, त्यालाच ऑर्डर दिली. आणि टी-शर्टवर साल छापलं नाही. त्यामुळे यंदा साठऐवजी नवे चौदाच लागले. जुने धुऊन धुऊन जरा विटलेत, पण पथकात उभे राहिले की कळत नाही.