धूर निघाला म्हणजे स्टार्ट चांगला झाला?

घोटावडे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर असो की पिरंगुटच्या गॅरेजात, शर्यतींचा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "पहिल्या सेकंदाला पूर्ण दाबायचं, टायर जाळायचे, मग मागे बघायचंच नाही." इंजिनिअरिंग कॉलेजात गो-कार्ट बांधणारी मुलंही हेच घोकतात. धूर निघाला, रबराचा वास सुटला की स्टार्ट जबरदस्त झाला, अशी त्यांची ठाम समजूत असते. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आता स्पष्टच सांगायला हवं. उभ्या गाडीच्या स्टार्टला चाकं जागच्या जागी फिरणं यात पराक्रम काही नाही, निव्वळ तोटा आहे.

गैरसमज: चाक जितकं जोरात फिरेल, तितकी गाडी जोरात सुटेल

वस्तुस्थिती: इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी पुढे जाते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के जास्त असतो, तेव्हा ही पकड सर्वांत जास्त असते. त्यापलीकडे चाक कितीही गरगरलं तरी पकड घटतच जाते. शंका असेल त्यांनी विल्यम आणि डग्लस मिलिकन यांचा रेसिंग गाड्यांच्या गतिशास्त्रावरचा 1995 चा ग्रंथ उघडावा. पुस्तकावर विश्वास नसेल तर आपल्या बाइकच्या एबीएसकडे बघावं. 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देता त्याला जास्तीत जास्त पकडीच्या आसपास ठेवणं हे त्याचं काम. थांबताना घसरणारं चाक वाईट आणि सुटताना घसरणारं चाक चांगलं, असं कसं होईल? मुळशीच्या खाचरात रुतलेल्या ट्रॅक्टरचा ॲक्सिलरेटर वाढवला की चाक आणखी खोल जातं, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. डांबरावर आल्यावर तेच ज्ञान कुठे जातं?

आता हिशोब करू. दोन सारखी कार्ट शेजारी उभी आहेत. पहिलं पकड राखून सुटलं आणि त्याला 5 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण मिळालं. दुसऱ्याची चाकं गरगरली आणि त्याला 4 मिळालं. पहिलं कार्ट 20 मीटर जाईल तेव्हा सुमारे 2.8 सेकंद झालेले असतील आणि दुसरं 16 मीटरवर असेल. म्हणजे 4 मीटरचा फरक. कार्टची लांबी 2 मीटरच्या आतबाहेर असते, तेव्हा पहिल्या वळणाआधीच दोन कार्टच्या लांबीएवढी आघाडी गेली.

ज्या 'रिफ्लेक्स'चं एवढं कौतुक चालतं, त्याचाही हिशोब याच उदाहरणावर करा. दिवा विझल्यावर एखादा 0.05 सेकंद उशिरा हलला, तर 20 मीटरवर त्याचा तोटा सुमारे 0.7 मीटर होतो. चाकं गरगरल्याचा तोटा त्याच्या जवळपास सहापट. तरीही मुलं मोबाइलवर रिफ्लेक्सचे खेळ खेळत बसतात आणि उजव्या पायाचा सराव करत नाहीत, याची खरोखर चीड येते.

कार्टमध्ये हा तोटा आणखी वाढतो. कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असल्यामुळे घसरायला लागली की दोन्ही एकदम घसरतात. घसरणाऱ्या टायरला आडवी पकडही उरत नाही. मग मागची बाजू एकीकडे सरकते, चालक स्टिअरिंग वळवून ती सावरतो आणि आणखी वेग गमावतो. स्टार्ट झाल्यावर ग्रिडवर जाऊन बघा. जिथे दोन लांब, काळे, नागमोडी पट्टे उमटलेले दिसतील, तिथल्या चालकाची जागा बहुधा गेलेली असते.

मग हा समज टिकला कसा?

एक कारण भाड्याची कार्ट. सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन चालवतो त्या कार्टचं इंजिन बेताचं असतं. कोरड्या ट्रॅकवर त्याला टायरची पकड मोडणं जमतच नाही, त्यामुळे तिथे पूर्ण दाबणं बरोबर ठरतं. तीच सवय घेऊन माणूस बाइकचं इंजिन बसवलेल्या कॉलेजच्या कार्टवर किंवा गिअरच्या केझेड कार्टवर बसतो आणि तिथे फसतो.

दुसरं कारण ड्रॅग रेसिंगचे व्हिडिओ. याच मुळशी तालुक्यात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' झाली आहे, तिच्यामुळे हा खेळ इकडे घरोघरी पोचला. ड्रॅगमधला धुराचा लोट, म्हणजे बर्नआउट, शर्यतीच्या आधी काढतात. टायर तापावेत आणि त्यांच्यावरची धूळ निघावी, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्ष सुटताना तोच चालक चाक घसरू नये म्हणून जिवाचं रान करतो. महागड्या गाड्यांतलं लाँच कंट्रोलही इंजिनाला आवर घालण्यासाठीच असतं. फॉर्म्युला वनने 2004 मध्ये त्यावर बंदी आणली, कारण चालकाचं कसब यंत्र करू लागलं होतं. पूर्ण दाबणं एवढंच कसब असतं, तर बंदी कशाला लागली असती?

मग करायचं काय?

हळू सुटा, असा याचा अर्थ नाही. क्लच पटकन सोडला आणि आरपीएम कमी असले, तर टू-स्ट्रोक इंजिन दबतं आणि गाडी जागेवरच बसते. मधला बिंदू शोधावा लागतो. केझेड कार्टमध्ये क्लच हाताचा असतो आणि तो मुख्यतः स्टार्टलाच लागतो. आरपीएम एका जागी स्थिर धरा, क्लच पकडायला लागतो तिथपर्यंत लिव्हर झटकन आणा आणि उरलेला प्रवास बोटांनी मोजून सोडा. गाडी धावू लागली की मग पाय पूर्ण खाली. डेटा लॉगर असेल तर आरपीएम आणि वेग यांच्या रेषा एकमेकींवर ठेवून बघा. क्लच पूर्ण सुटल्यावरही आरपीएमने उडी मारली आणि वेग मागे राहिला, तर चाक घसरलं.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*कार्टिंगच्या सगळ्याच शर्यती उभ्या जागेवरून सुटतात.* नाही. रोटॅक्स मॅक्ससारख्या बिनगिअरच्या गटांत सहसा रोलिंग स्टार्ट असतो, म्हणजे दोन रांगांत चालत्या गाड्यांवर शर्यत सुटते. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्सच्या फेऱ्या झाल्या, त्या याच गाड्यांच्या. उभा स्टार्ट केझेडचा.

*ब्रेक धरून रेस केली की सेंट्रिफ्युगल क्लचची गाडी झेपावते.* क्लच जळतो. रोटॅक्सच्या नियमांनुसार तो 4000 आरपीएमच्या आत पकडायलाच हवा, त्यामुळे ब्रेक धरून रेस केली की तो नुसता घासत राहतो.

*पुढे झुकलं की गाडी पुढे पळते.* उलट मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं. पाठ सीटला टेकवून बसा.

*हवा जितकी कमी तितकी पकड जास्त.* प्रत्येक टायरला ठरलेली मर्यादा असते. तिच्याखाली गेलात तर टायर वेडावाकडा दबतो.

*स्टार्टला स्टिअरिंग थोडं वळलेलं असलं तरी चालतं.* चालत नाही. कार्टच्या पुढच्या चाकांची रचनाच अशी असते की स्टिअरिंग वळवलं की आतलं मागचं चाक हलकं होतं आणि पकड जाते.

*हलका चालक नेहमी पुढे.* भाड्याच्या कार्टवर हे खरं आहे. स्पर्धेत चालकासह किमान वजन ठरलेलं असतं आणि कमी पडलं तर सीटला शिसं लावतात.

*सराव गावच्या रस्त्यावरही होतो.* मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ हा गुन्हा आहे. त्याच रस्त्यावरून शाळेची मुलं आणि दुधाच्या गाड्या जातात, हे कायद्याआधी कळायला हवं.

कॉलेजच्या संघांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे. लॅप टाइमबरोबर पहिल्या 20 मीटरची वेळही प्रत्येक सरावात नोंदवा. शर्यतीत मागे टाकायची संधी सर्वांत स्वस्तात मिळते ती तिथेच. ज्याला दाबणं जमतं तो पळतो, ज्याला आवरणं जमतं तो जिंकतो, आणि हे आवरणं सरावाने कुणालाही शिकता येतं.