ब्राउझर बळकावणारा अ‍ॅडवेअर : ओळख, निर्मूलन व प्रतिबंध

शाळेच्या संगणकावर ब्राउझर उघडावा आणि नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान समोर यावे. शोध एका ठिकाणी घ्यावा आणि उत्तर अपरिचित संकेतस्थळावरून यावे. मुले धडा पाहत असता मध्येच जुगाराची जाहिरात झळकावी. आणि हे सारे दुरुस्त करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडावे, हा अनुभव आता खेड्यातील शाळांनाही नवा राहिलेला नाही. या उपद्रवास अ‍ॅडवेअर असे म्हणतात. तो घालविण्यासाठी तज्ज्ञाची गरज क्वचितच पडते. गरज असते ती क्रमाने व चिकाटीने काम करण्याची. तो क्रम शिक्षकबंधुभगिनींच्या हाती द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा उपद्रव किरकोळ का नव्हे?

ब्राउझर हा इंटरनेटवरील आपला वाटाड्या होय. वाटाड्याच फितूर झाला, तर प्रवासी कोठे पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. शाळेच्या संगणकावरून आपण विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक शासकीय प्रणालींत भरतो. वेतनाची कामेही त्यावरच होतात. बळकावलेल्या ब्राउझरमध्ये शासकीय संकेतस्थळाचे नाव शोधले असता वरचा दुवा त्या स्थळाचा नसून तोतया पानाचा असण्याचा संभव असतो. तेथे भरलेला पासवर्ड परक्याच्या हाती जातो. शिवाय पडद्यासमोर आठ-दहा वर्षांची मुले बसलेली असतात, ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

यामागील अर्थकारण

अ‍ॅडवेअर करणाऱ्यास आपल्या शाळेशी वैर नसते. त्यास दलाली हवी असते. बाजारातील अडत्या जसा प्रत्येक व्यवहारावर अडत घेतो, तद्वत एखाद्या शोधयंत्राकडे वा जाहिरातीकडे वाचक वळविला की त्यामागे काही रक्कम मिळते. एका वाचकामागे ती नगण्य असते; लाखो संगणक हाती आले की तीच मोठी होते. म्हणूनच एकदा मिळविलेला ब्राउझर सुटू नये, अशी तजवीज हे लोक आरंभापासून करून ठेवतात.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आणलेला 'अ‍ॅड्रोझेक' हे याचे बोलके उदाहरण आहे. मे २०२० पासून तो पसरत होता आणि ऑगस्टमध्ये, ऐन भरात असताना, दिवसाला ३० हजारांहून अधिक संगणकांवर तो आढळत होता. दक्षिण आशियाही त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स व यांडेक्स या चारही ब्राउझरांत तो शिरे, शोधाच्या खऱ्या उत्तरांवर आपल्या जाहिराती बसवी, ब्राउझरची सुरक्षाव्यवस्था ढिली करी व त्याचे अद्ययावतीकरण थांबवी. फायरफॉक्समध्ये तर साठविलेले पासवर्डही तो चोरीत असे. तात्पर्य, जाहिरात आणि चोरी यांमधील भिंत फार पातळ आहे.

तो येतो कोठून?

बहुधा आपणच त्यास दार उघडतो. फुकट व्हिडिओ उतरवून देणारा, पीडीएफचे रूपांतर करणारा किंवा मराठी फॉन्ट देणारा एखादा प्रोग्रॅम आपण घेतो. स्थापना करताना 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' असे न वाचता दाबत जातो आणि मूळ प्रोग्रॅमसोबत दोन-तीन अनाहूत पाहुणे घरात शिरतात. फुकट ते पौष्टिक ही समजूत येथे महाग पडते. क्वचित दोष वापरणाऱ्याचा नसतोही. 'सुपरफिश' नावाची जाहिरातप्रणाली २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवो कंपनीच्या काही नव्या लॅपटॉपांवर मुळातच घातलेली होती. ती सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही जाहिराती घुसवी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार जगजाहीर झाला.

प्रथम निदान

औषधापूर्वी निदान करावे. त्रास तीन प्रकारचा असू शकतो.

(१) एकाच संकेतस्थळावर जाहिराती उसळत असतील, तर दोष त्या स्थळाचा आहे. ते बंद करावे. तेथे पुन्हा जाऊ नये.

(२) पडद्याच्या कोपऱ्यात सूचनांच्या चौकटी येत असतील, तर बहुधा कोणीतरी एखाद्या पानावर 'अलाउ' हे बटण दाबलेले असते. 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' अशी फसवी विनंती काही पाने करतात. हा प्रोग्रॅम नसून केवळ दिलेली परवानगी असल्यामुळे विषाणूशोधक प्रोग्रॅमला तेथे काही सापडेलच असे नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तेथून 'साइट सेटिंग्ज' व पुढे 'नोटिफिकेशन्स' येथे जाऊन अनोळखी स्थळांची परवानगी काढून घ्यावी, म्हणजे त्रास संपतो.

(३) मुख्य पान वा शोधयंत्र आपोआप बदलत असेल आणि सर्वच संकेतस्थळांवर जाहिराती दिसत असतील, तर ब्राउझर बळकावला गेला आहे असे समजावे.

चिवटपणाचे मर्म

शेतातील हरळी वरवर खुरपली तर आठ दिवसांत पुन्हा हिरवी होते, कारण तिच्या काशा जमिनीत शाबूत असतात. अ‍ॅडवेअरचेही तसेच आहे. मुख्य पानातील बदल हा केवळ वरचा पाला होय. त्याच्या काशा निरनिराळ्या ठिकाणी पसरलेल्या असतात : संगणकावर स्थापन झालेला प्रोग्रॅम, ब्राउझरला जोडलेले एक्स्टेन्शन, संगणक सुरू होताच चालणारे नियोजित काम, ब्राउझरच्या शॉर्टकटला चिकटविलेला पत्ता, आणि खात्याच्या सिंक सोयीमुळे दुसऱ्या संगणकावरून परत येणारी सेटिंग्ज. यांतील एक जरी राहिली, तरी ती बाकीच्यांना पुन्हा उभे करते. यास्तव पुढील सर्व पायऱ्या एकाच बैठकीत पूर्ण कराव्यात.

निर्मूलनाचा क्रम

पहिली पायरी : या संगणकावर कोणताही पासवर्ड टाकणे त्वरित थांबवावे. महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. ब्राउझरमधील सिंक बंद करावे.

दुसरी पायरी : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स' या भागात स्थापित प्रोग्रॅमांची यादी असते. ती तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले, कोणी मुद्दाम न घेतलेले प्रोग्रॅम 'अनइन्स्टॉल' करावेत. ज्या नावाविषयी खात्री नाही, ते आधी दुसऱ्या संगणकावर वा फोनवर तपासून पाहावे. छपाईयंत्राचा आवश्यक प्रोग्रॅम चुकून काढला जाऊ नये.

तिसरी पायरी : ब्राउझरची एक्स्टेन्शन्स उघडून अनोळखी तेवढी काढावीत. एखाद्यास काढण्याचे बटणच नसेल आणि ब्राउझर 'आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' आहे असा मजकूर दिसत असेल, तर दोन शक्यता असतात. संगणक एखाद्या शासकीय योजनेतून आला असल्यास तो मजकूर खराही असू शकतो. म्हणून आधी पुरवठा करणाऱ्या कार्यालयाकडे चौकशी करावी. तसे नसेल, तर अ‍ॅडवेअरने संस्थेचे सोंग घेतले आहे असे समजावे.

चौथी पायरी : मालवेअरबाइट्सचा 'अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर' हा मोफत प्रोग्रॅम केवळ त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोजवरील अ‍ॅडवेअर शोधण्यासाठीच तो केलेला आहे. उपरोक्त खोटी धोरणे पुसण्याचीही सोय त्यात आहे. नंतर 'विंडोज सिक्युरिटी'मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी करावी. तिच्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो व विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते. त्यामुळे लपणाऱ्यास लपण्यास जागा उरत नाही. यास सुमारे १५ मिनिटे लागतात. जुन्या पुस्तिकांतून क्रोमच्या अंगभूत सफाईसाधनाचा उल्लेख आढळतो. ते गूगलने २०२३ मध्ये काढून टाकले असल्याने शोधत बसू नये.

पाचवी पायरी : ब्राउझर मूळ स्थितीत आणावा. क्रोममध्ये 'रीसेट सेटिंग्ज' व फायरफॉक्समध्ये 'रिफ्रेश फायरफॉक्स' ही सोय आहे. तिने वाचनखुणा पुसल्या जात नाहीत. त्यानंतर ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट' ही ओळ पाहावी. ब्राउझरच्या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला असल्यास तेवढा पुसावा.

सहावी पायरी : इतके करूनही त्रास राहिल्यास ब्राउझर पूर्णपणे काढून नव्याने स्थापन करावा. अ‍ॅड्रोझेकच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने हाच सल्ला दिला होता, कारण त्याने ब्राउझरच्या मूळ फायलींतच फेरफार केलेले असत.

यानंतर संगणक दोनदा बंद-चालू करावा व दोन दिवस निरीक्षण करावे. शाळेतील सर्वच संगणकांवर आणि फोनांवर एकच त्रास दिसत असेल, तर दोष राउटरमध्ये असण्याचा संभव आहे. जोडणी देणाऱ्यास बोलवावे. संगणक निर्मळ झाल्याची खात्री पटल्यावरच सर्व पासवर्ड बदलावेत. आधी बदलल्यास नवा पासवर्डही जुन्याच्या वाटेने जाईल.

या काळात पडद्यावर 'आपला संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर आल्यास फोन मुळीच करू नये. तो दुसरा सापळा असतो. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रतिबंध व शिक्षण

संगणकाजवळ एक साधी नोंदवही ठेवावी. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता प्रोग्रॅम व कशासाठी घेतला, एवढेच तीत लिहावे. त्रास उद्भवल्यास दुसऱ्या पायरीचे निम्मे काम ही वहीच करील. मुलांसाठी व्यवस्थापकीय अधिकार नसलेले स्वतंत्र खाते उघडावे. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये अनावश्यक अ‍ॅप्स अडविण्याची सोय असते. ती चालू ठेवावी. शासकीय स्थळे दर वेळी शोधून न उघडता वाचनखुणेवरूनच उघडावीत. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मुलांना मात्र केवळ 'हात लावू नका' असे सांगून भागणार नाही. वरच्या वर्गातील मुलांसमोर एखादा प्रोग्रॅम स्थापन करून दाखवावा, प्रत्येक पडद्यावरील मजकूर त्यांच्याकडून वाचून घ्यावा, आणि आधीच खूण केलेल्या चौकटी त्यांनाच शोधावयास लावाव्यात. न वाचता होकार देऊ नये, हा धडा संगणकापुरता नाही. उद्या हीच मुले कर्जाच्या कागदावर सही करतील. तेव्हाही तो त्यांच्या कामी येईल.