मध्यवयातील व्यवसायांतर

चाळिशी-पन्नाशीतला एखादा गृहस्थ पाळकाकडे येतो व म्हणतो, "वीस वर्षे केलेली नोकरी आता सोडावीशी वाटते." त्याच्या विवंचनेला चंचलपणा किंवा अल्पविश्वास असे नाव देण्याची घाई आपल्या हातून पुष्कळदा होते. कधी उलट, 'हे देवाचे पाचारणच' असे म्हणून आपण मोकळे होतो. ही दुसरी घाई आम्हांला अधिक घातक वाटते.

मनोविश्लेषक इलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये मध्यवयातील पेचप्रसंगाची कल्पना मांडली. आपणही मरणार आहोत ही गोष्ट मनुष्याला या वयात खऱ्या अर्थाने जाणवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बर्निस न्यूगार्टन यांच्या निरीक्षणानुसार, मनुष्य आता सरलेली वर्षे न मोजता उरलेली मोजू लागतो. पुढील पिढीसाठी काही घडवावे ही या अवस्थेची भूक असून ती न भागल्यास जीवन साचून राहते, असे एरिक एरिकसन म्हणतात. पगार व बढती मिळूनही काम पोकळ का वाटते, याचा उलगडा येथे होतो. मात्र वरिष्ठांचा जाच, थकवा, मुले दूर गेल्याने रिते झालेले घर यांपासूनही माणूस पळू पाहतो. आणि आपण पळत आहोत हे त्याचे त्यालाच पुष्कळदा उमगत नाही.

रेव्ह. नारायण वामन टिळकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली व 'देवाचा दरबार' स्थापिला. बाहेरून पाहणाऱ्यास ही उडी वाटावी. परंतु अभंग, कीर्तन, भक्तीची देशी रीत यांची ओढ त्यांच्या ठायी कितीतरी वर्षांपासून होती. सुटले ते वेतन. काम सुटले नाही, उलट जुनीच ओढ मोकळी झाली. १९१९ मध्ये ते निवर्तले.

म्हणून त्या गृहस्थाला "काय सोडायचे आहे?" यापेक्षा "कशाकडे जायचे आहे, आणि ही ओढ केव्हापासूनची?" असे विचारावे. उत्तर तरुणपणापर्यंत मागे जात असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे. ते कचेरीतील भांडणापाशीच थांबत असेल, तर राजीनाम्याऐवजी रजा सुचवावी. त्याच्या पत्नीचेही ऐकून घ्यावे. पतीच्या निर्णयाचे ओझे दुसऱ्या खांद्यावर कसे पडते, हे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. एका बैठकीत हे बोलणे संपत नाही. पुढच्या भेटीपर्यंत उत्तर पुष्कळदा बदललेले असते.