माळ्यावरची होडी

जूनच्या पहिल्या तारखेस यांत्रिक मासेमारी बंद झाली म्हणजे थळपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढल्या जातात आणि कोळीवाड्यांतून जाळ्यांच्या डागडुजीस आरंभ होतो. त्या निमित्ताने माळ्यावरचे सामान खाली उतरते. दोरखंडांच्या वेटोळ्यांखाली मग एखादी हातभर लांबीची लाकडी होडी सापडते. आजोबांनी कधी काळी पांगाऱ्याच्या तुकड्यातून ती कोरलेली असते. पांगारा हलका आणि हत्याराला मऊ. सावंतवाडीची खेळणी याच लाकडाने प्रसिद्धीस आणली.

होडी खाली आली, की घरातील धाकट्या भावंडास ती द्यावी असे सर्वांनाच वाटते. नेमक्या त्याच क्षणी दहा-अकरा वर्षांच्या थोरल्यास, ज्याने तीन वर्षांत तिची चौकशीही केली नव्हती, ती आपली असल्याचे आठवते. घरातील वडीलधारी माणसे यास हावरेपणा म्हणतात आणि ‘आता का तू लहान आहेस?’ या एका प्रश्नाने त्याला गप्प करतात. हा प्रश्न वरवर वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मुलाला पुन्हा लहान व्हावयाचे नसते. मधल्या काळात त्याला जे नवे कळले, ते जुन्या वस्तूवर ताडून पाहण्याची त्याची इच्छा असते.

मधल्या काळात काय काय घडलेले असते? चौथीच्या वर्गात त्याने शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला असतो. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला ही पूर्वी केवळ ओहोटीला चालत जाण्याची जागा होती. आता तेथे आरमार होते हे त्यास ठाऊक असते. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांना दोन-दोन, तीन-तीन डोलकाठ्या असत हे त्याच्या कानावर आलेले असते. साहजिकच आपल्या होडीची एकुलती काठी त्यास अपुरी वाटते. तो दुसरी ठोकतो, जुन्या सदऱ्याचे शीड लावतो आणि वाडीतल्या तळ्यात होडी सोडतो. वाऱ्याची पहिली झुळूक येताच होडी आडवी होते. पाचव्या वर्षी असे झाले असते तर तो रडला असता. आता तो तळाशी एक दगड बांधतो. होडी सरळ राहते, पण जड होऊन बुडू पाहते; मग लहान दगड, मग त्याची जागा थोडी मागे. ओटीवर जाळे तुणत बसलेला म्हातारा तांडेल हे सारे पाहत असतो. यालाच नीरम म्हणतात, एवढेच तो सांगतो. गलबत रिकामे परतत असले, की तळाशी असे वजन भरावेच लागे.

भरतीचेही असेच. लहानपणी समुद्राने एखादी होडी ओढून नेली, तर तो समुद्राचा दुष्टपणा असतो. मोठेपणी त्याला घरचा हिशेब कळतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या. हिशेब स्थूल असला तरी या किनाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या पुरला. पूर्वी शाळेत पाऊणकी घोकून घेत. ती कशासाठी, हे मात्र क्वचितच सांगत.

मुलींच्या हाती बहुधा होडी येत नाही, भातुकली येते. कोळीवाड्यात मासळीचा व्यवहार बायकांच्या हातात असल्यामुळे तिथली मुलगी करवंट्यांची तागडीही करते. नफा-तोटा शिकल्यावर तीच तागडी ती पुन्हा उचलते, तेव्हा तिचे लक्ष शंखशिंपल्यांपेक्षा दांडीच्या मध्यावर असते.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरातील साध्या वस्तूंचा त्यांनी बालवाडीत उपयोग केला. काटकसर हे त्याचे एक कारण होते खरे. परंतु अशा वस्तूला दुसऱ्यांदा हात घालता येतो, ती मोडता आणि जोडता येते, हा तिचा गुण काटकसरीहून मोठा मानावा लागेल. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली, त्यांतही हाच गुण आहे. बाजारातील बॅटरीवर चालणारी बोट पहिल्या दिवशीच तिला जे येते ते सारे करून दाखवते. ती बिघडली, की दहा वर्षांच्या मुलाने तिच्यात पाहावे असे काही उरत नाही. पुष्कळदा ती उघडतही नाही.

पांगाऱ्याच्या होडीकडे हा मुलगा आणखी एकदा येतो, पंधरा-सोळाव्या वर्षी. एव्हाना तो वडिलांबरोबर दर्यावर जाऊन आलेला असतो किंवा अलिबागच्या महाविद्यालयात नाव घालण्याच्या विचारात असतो. बंदरातील होड्यांना स्वातंत्र्यानंतर यंत्रे बसत गेली आणि बहुतेकांवरून शीड उतरले. खेळण्यावर ते अजून आहे. वारा कोणत्या अंगाने आला असता शीड कसे वळवावे, हे आजोबांना विचारले तर ते सांगतात; वडिलांना विचारले तर ते इंजिनाविषयी सांगतात. दोघांचेही बरोबर असते. मुलगा शिडाची दोरी सोडतो, पुन्हा बांधतो आणि फाटलेल्या कडेला टाका घालतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या रंगवून पाण्यात लोटल्या जातात. घर आवरण्याच्या घाईत खेळण्याची होडी पुन्हा माळ्यावर जाते. तळाचा दगड मात्र या वेळी कोणी सोडवीत नाही.